फ्लेक्सवरचा रिकामा गोल

बेटेगाव, बोईसर
५ फेब्रुवारी २०२५

श्री. कैलास देसले, अमळनेर, यांस
रामकिसन घुगेचा नमस्कार.

अकरा वर्षांनी लिहितोय. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा पहिल्याच रिंगला कट केलास, म्हणजे नंबर ओळखलास. म्हणून हे पोस्टाने. पोचपावती लावलीय, तेव्हा मिळालं नाही म्हणू नकोस.

देवू गेला. रविवारी पहाटे साडेपाचला, बोईसरच्या दवाखान्यात. पोटात गाठ होती म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की तो दवाखान्यात आहे एवढंच माहीत होतं, गाठीचं मलाही तो गेल्यावरच कळलं. एकतीस वर्षं ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो, त्याच्या पोटात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, यावर तुझा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही.

पण लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. साडेपाचला माणूस गेला. आठ वाजता मी मासवणला त्याच्या घरी निघालो, तर नाक्यावर फ्लेक्स लागलेला! वीस बाय दहा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. देवू भुरकुड, माजी सदस्य पंचायत समिती, भागीदार देराकै इंजिनिअरिंग वर्क्स.’ हसरा फोटो, फोटोला हार, सगळं जागच्या जागी. अरे, फ्लेक्सवाला विपुल दुकानच उघडतो दहाला! अडीच तासांत फोटो निवडला कुणी, मजकूर लिहिला कुणी, छापला कुणी, बांबू बांधले कुणी? पाणी कुठंतरी मुरतंय, कैलास.

पुढचं ऐक. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. फ्लेक्सच्या खाली ‘शोकाकुल’ म्हणून चाळीस मुंडकी असतात. मेल्यापेक्षा जिवंतच ठळक. इथं मात्र एकच फोटो.

तुझा.

आणि तोही जुना नाही. मिशा पांढऱ्या झालेला, चष्मा लावलेला तू. मी दोन मिनिटं ओळखलंच नाही. तुझ्या शेजारी तेवढ्याच मापाचा एक गोल आहे, आणि तो रिकामा. आत ना फोटो, ना नाव. रिक्षावाले मला विचारतात, ‘घुगेमामा, या गोलात कोण?’ मी काय सांगू? देराकैमधला ‘दे’ वर हसतोय, ‘कै’ खाली शोक करतोय, आणि ‘रा’ नाक्यावर उभा राहून वर बघतोय.

मला सरळ सांग. तू देवूला भेटायला आला होतास का? फोटो तू दिलास का? धीरजशी तुझं बोलणं आहे का? धीरज म्हणजे देवूचा तोच पुतण्या. आता तोच देवूची गादी चालवणार. परवा येऊन मला म्हणतो, ‘काकांनी सांगून ठेवलंय, शोकसभा आपल्या वर्कशॉपातच घ्यायची, आणि भाषण एकट्या रामकिसनकाकांनी करायचं. दुसऱ्या कुणी नाय.’ आमदार येणार, सभापती येणार, आणि बोलणार फक्त मी? ज्याचा फोटो लावायलासुद्धा यांच्याकडे जागा नाही, तो? तेवीस तारखेला सभा आहे.

तू ये किंवा येऊ नकोस, मी सांगणारा कोण. फक्त एवढं लक्षात ठेव. तुझं उपसरपंचपद गेलं ते तुला तिसरं अपत्य आहे हे बाहेर फुटल्यामुळे. ती मुलगी तू वाणगावच्या बहिणीला दिलीस, हे तुझ्या घराबाहेर दोघांनाच माहीत होतं, देवूला आणि मला. आणि तुझ्या खुर्चीत बसला धीरज. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं, खुर्ची कुणाला मिळाली ते बघ. जास्त काही बोललो नव्हतो. आजही बोलत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

उलट टपाली उत्तर दे.

रामकिसन


बेटेगाव, बोईसर
११ फेब्रुवारी २०२५

कैलास,

तुझं कार्ड मिळालं. ‘फोटो मी दिला नाही. देवूच्या सभेला मी येणार नाही.’ बस्स! अकरा वर्षांनंतर दोन वाक्यं. वर पत्ता लिहायला तुला यापेक्षा जास्त शाई लागली असेल. असो. येणार नाहीस हे वाचून मला बरं वाटलं असं तुला वाटत असेल, तर तसं काही नाही.

भाषणाची टिपणं काढायला बसलो होतो. सकाळपासून तीन कागद फाडले. देवूबद्दल बोलायचं म्हणजे दोन माणसांबद्दल बोलावं लागतं. त्याच्या एका खिशात ऑर्डरबुक असायचं आणि दुसऱ्यात मतदारयादी. कुठल्या खिशात कधी हात घालेल याचा नेम नाही. पाड्यावरच्या म्हातारीच्या हातपंपाला दांडा वेल्ड करून द्यायचा, आणि झाडाखाली बसून यादीत तिच्या नावापुढे टिंब करायचं. तुला तो कंपनीच्या गेटवरचा मोर्चा आठवतो? गाव पाण्यासाठी धरणं धरून बसलं, देवू सगळ्यांत पुढे, घसा बसेपर्यंत घोषणा. मंडपाचे पाइप आपल्या वर्कशॉपाचे. तोडगा निघाला तेव्हा गावापर्यंत पाण्याची लाइन टाकायचं काम आलं कुणाकडे? आपल्याकडेच! तू भडकलास. ‘देवू, तू मोर्चा काढतोस का टेंडर?’ तो म्हणाला, ‘गावाला पाणी मिळालं ना? मंग?’ पाणी मिळालं होतं, हे खरं. आजही त्या नळाला पाणी येतं.

आता हे सभेत सांगायचं की नाही? सांगितलं तर लोक हसतील, आणि रडतीलही. पण ज्याने मित्राची खुर्ची पुतण्याला दिली त्याचं कौतुक मी कुठल्या तोंडाने करू, असा प्रश्न आहे. म्हणजे लोकांना पडेल. तुला पडला असेलच.

फ्लेक्सचं सांगतो. काल विपुलच्या दुकानात जाऊन बसलो. चहा मागवला, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग म्हटलं, ‘विपुल, देवूच्या फ्लेक्सची फाइल दाखव रे, मला एक छोटी कॉपी काढायचीय.’ त्याने कॉम्प्युटरवर उघडली. मी चष्मा लावूनच गेलो होतो. फाइलखाली तारीख होती ९ जानेवारी.

नऊ जानेवारी! देवू गेला दोन फेब्रुवारीला. म्हणजे माणूस वर्कशॉपात माझ्यासमोर बसून मिसळ खात होता, तेव्हा त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स तयार होता. विपुलने मी तारखेकडे बघतोय हे पाहिलं आणि पटकन स्क्रीन बंद केला. म्हणतो, ‘ती तारीख चुकीची हाय मामा, कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलंय.’ मी म्हटलं, मोबाइलचं ठीक आहे ना? त्यात बघ कुणाचा फोन आला होता. तर गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेला. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तिथून थेट धीरजकडे गेलो. मी नुसतं ‘नऊ जानेवारी’ एवढंच म्हटलं, तर पोराचा चेहरा उतरला. म्हणतो, ‘काका, सभा होऊ द्या, मंग सगळं बोलू.’ चोराच्या मनात चांदणं! काकाच्या मरणाची तारीख पुतण्याला महिनाभर आधी कळते, याचा अर्थ तूच लाव. दवाखाना कुणी ठरवला? मला शेवटपर्यंत भेटू का दिलं नाही? मी दोनदा गेलो होतो, दोनदाही ‘झोपलेत’ म्हणून दारातून परत पाठवलं.

मी सोडणार नाही. मी उद्या पुन्हा विपुलकडे जातोय.

रामकिसन


बेटेगाव
१५ फेब्रुवारी २०२५

कैलास,

मी मूर्ख आहे. हे वाक्य जपून ठेव, माझ्या हातचं पुन्हा मिळणार नाही.

विपुलला मी बाहेर गाठलं, पोलिसात जाईन म्हणून दरडावलं. तो बिचारा रडायलाच आला. मला आत नेऊन एक लाल प्लास्टिकचं स्टूल दाखवलं आणि म्हणाला, ‘मामा, काका हितंच बसले होते. सोताच आले होते. सोताच फ्लेक्स बनवून घेतला.’

देवूने! स्वतःचा! त्याने तीन फोटो बघितले, दोन नापास केले. म्हणाला, ‘यात मी मत मागतोय असं वाटतं. हसतानाचा लाव.’ ‘लोकनेते’ शब्द काढायला लावला. हाराची फुलं गोंड्याची हवीत, गुलाबाची नकोत. प्रिंट करून दुकानातच गुंडाळून ठेवायचा, आणि धीरजचा फोन आला की तासाभरात नाक्यावर. उशीर झाला तर दुसऱ्या पार्टीचे लोक आपापली मुंडकी टाकून फ्लेक्स लावतील, आणि मग उतरवता येणार नाही. मरतानासुद्धा लेकाने जागा आधी धरून ठेवली. धीरज आणि विपुल, दोघांकडून शपथ घेतली, सभेपर्यंत रामकिसनला सांगायचं नाही. आजार लपवला तो ह्याच हिशेबाने, आजारी पुढाऱ्याकडे कुणी फिरकत नाही आणि आजारी भागीदाराच्या वर्कशॉपला कुणी ऑर्डर देत नाही.

मी विचारलं, कैलासचा फोटो कुणी दिला? विपुलने मोबाइल दाखवला. फोटो पाठवणारीचं नाव दीपिका.

तुझी दीपिका. वाणगावची. ती इथंच त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, हे तुला माहीत असणारच, मला नव्हतं. देवूचं रक्त काढायला तीच जायची. विपुल म्हणतो, ती दिवाळीत अमळनेरला जाऊन आली होती आणि तेव्हाचाच हा फोटो. म्हणजे ती तुझ्याशी बोलते. मला ते ऐकून काय वाटलं ते इथं लिहिता येत नाही. अपात्रतेची नोटीस आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सहा महिने तिने ना आत्याला आई म्हटलं, ना तुला बाप. हे तू मला रडत सांगितलं होतंस, आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून ऐकत होतो.

मग मी गोलाचं विचारलं. विपुल माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काका बोलले, तो गोल रामकिसनचा हाय. आता रिकामा ठेव. सभेत रामकिसन काय बोलतो ते कैलास ऐकेल. मंग कैलास बोलला लाव, तर लाव. नाय तर तसाच राहू दे.’

मी विचारलं, कैलास का? आमच्या भागीदारीत कैलासला हे अधिकार कधीपासून?

विपुलला ते माहीत नव्हतं. मलाही कळलं नाही, असं मी त्याला सांगितलं. तुलाही तेच सांगणार होतो. वर लिहिलंही होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसतच असेल.

उद्या मासवणला देवूच्या घरी, जिवलीवहिनीकडे जातोय.

रामकिसन


बेटेगाव
१८ फेब्रुवारी २०२५

कैल्या,

या नावाने हाक मारायचा हक्क उरलाय का माहीत नाही. पत्राच्या शेवटी तूच ठरव.

मासवणला गेलो. जिवलीवहिनी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसलो. त्यांनी माझ्यापुढेही मूठभर शेंगा टाकल्या. मीही सोलायला लागलो. मग मी विचारलं, ‘वहिनी, देवूच्या मनात माझ्याबद्दल काय होतं?’

त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी कवा सांगनार, त्याचीच वाट बघतोय आमी. अकरा वर्सं झाली.’

त्या सोलत होत्या आणि सांगत होत्या. ‘नोटीस आली त्याच दिवशी ते बोलले, हे रामकिसनचं काम हाय. दोघांनाच ठावं होतं, मी तर केलं नाय, मंग उरलं कोन? मी बोलले, इचारा ना त्याला. तर बोलले, इचारलं तर तो नाय बोलेल. मंग मला खोटारडा भागीदार सांभालावा लागेल. नाय इचारलं तर नुसता भित्रा राहील. भित्र्याबरोबर धंदा करता येतो.’

अरे देवा! अकरा वर्षं मी त्याच्या डब्यातली भाकरी मोडत होतो आणि तो मला बघत होता.

आता माझं ऐक. वाचून कागद फाडलास तरी चालेल, पण पुरता वाच.

मी केलं.

दीपिकाच्या जन्माच्या वेळी तू शिफ्टवर होतास. दवाखान्यातला फॉर्म मी भरला. बापाचं नाव, आईचं नाव, कितवं अपत्य, तिसरं. ती तारीख मला पाठ होती. तू उपसरपंच झालास त्या दिवशी मिरवणूक वर्कशॉपावरून गेली. देवू आणि तू जीपमध्ये गुलाल लावून उभे, आणि मी आत ग्राइंडरवर, कारण दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी होती. तुम्ही दोघांनी हात केला. थांबला नाहीत. एवढंच झालं. आज लिहिताना केवढंसं वाटतं! तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. मी एका कागदावर ती तारीख आणि दवाखान्याचं नाव लिहिलं आणि समोरच्या पॅनलच्या माणसाच्या दाराखालून आत सरकवलं. सही केली नाही.

मला वाटलं, खुर्ची तेवढी जाईल. तू पुन्हा खाकी शर्ट घालून वर्कशॉपात येशील आणि दुपारी आपण तिघं एका डब्यात जेवू. माझ्या आईची शपथ, एवढंच होतं डोक्यात. नोटीस वाणगावला जाईल, ती त्या पोरीच्या हातात पडेल आणि ती स्वतःचं नाव ‘तिसरे अपत्य’ म्हणून वाचेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि तू विचारलंस, ‘राम्या, कुणी केलं असेल रे?’ तेव्हा मी तुला धीरजची खुर्ची दाखवली. पाप ते आहे. पहिलं हातून घडलं, पण दुसरं मी ठरवून केलं. त्यानंतर मला जगात सगळीकडे कटच दिसायला लागले. पहिल्या दोन पत्रांत बघ, किती जणांवर संशय घेतलाय मी.

देवूला मी देव करत नाही. माझ्या पापातून मोकळी झालेली खुर्ची त्याने पुतण्याला दिली, नको म्हटलं नाही. तो राजकारणीच होता. पण तू त्याला शिव्या देऊन गेलास, त्या त्याने घेतल्या. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही. तू गेल्यावर मी बोर्डावरचा ‘कै’ पुसायला पेंटर आणला होता. देवूने त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाला, ‘नाव राहू दे. माणूस येल.’

काल दवाखान्यात जाऊन दीपिकालाही सांगितलं. लॅबच्या बाहेरच्या बाकावर. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘काका, फॉर्म तुम्ही भरलात ना? माझं वजन किती होतं?’ मी म्हटलं, ‘दोन किलो चारशे.’ तिने मान हलवली. म्हणाली, ‘हे मला कुणी सांगितलं नव्हतं,’ आणि आत गेली.

रविवारी अकराला सभा आहे. आपलं वर्कशॉप, मोठी मशिनं बाजूला सरकवलीत. फ्लेक्स नाक्यावरून काढून आतल्या भिंतीला लावलाय. विपुल शिडी घेऊन बसणार आहे, देवूने त्याला तसं सांगून ठेवलंय. आधी मोर्चाची आणि नळाची गोष्ट सांगेन, लोकांना हसू देईन. नंतर वर जे लिहिलंय ते सगळ्यांसमोर बोलेन. दीपिकाचं नाव घेणार नाही, तिला विचारूनच हे ठरवलंय.

माझा फोटो मी विपुलकडे दिलेला नाही. खिशात आहे. गोल रिकामा ठेवायला सांगितलास तर तो तसाच राहील, वर्षभर भिंतीवर राहील, आणि मी त्याच्यासमोर काम करीन. माफी मागत नाही. ती मागायची माझी लायकी नाही.

पण तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, भाषणासाठीही येऊ नकोस. एकदा त्या हसऱ्या फोटोसमोर येऊन उभा राहा. अकरा वर्षं तू ज्याला शिव्या घातल्यास, तो त्यात नव्हता.

तुझा
राम्या